वसुली टळेल की नाही, ते हमीपत्र सांगेल

नागपुरातल्या कार्यालयातून विभागप्रमुख म्हणून निवृत्त झालेल्या एका साहेबांचं पत्र आहे. पदोन्नतीच्या वेळची वेतननिश्चिती चुकली, असा आक्षेप वेतन पडताळणी पथकाने घेतला आणि जादा गेलेली रक्कम उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) कापण्याचा आदेश निघाला. ‘पगार मी ठरवला नव्हता, मग वसुली माझ्याकडून का?’ असं ते विचारतात. निवृत्तीच्या तोंडावर हा प्रश्न फार जणांना पडतो.

पगार तुम्ही ठरवला नाही, हे खरं. पदाचा स्तर शासन ठरवतं. सातव्या वेतन आयोगात १ जानेवारी २०१६ चं ग्रेड पेसह मूळ वेतन २.५७ ने गुणून त्या स्तराच्या मॅट्रिक्समध्ये, म्हणजे वेतनाच्या तक्त्यात, बसवलं गेलं. पण ‘चूक कार्यालयाची’ एवढ्यावर वसुली थांबत नाही.

तुम्ही सर्वोच्च न्यायालयाच्या रफीक मसीह (२०१४) निकालावर विसंबून आहात. निवृत्तांकडून वसुली नको, असं त्यात आहेच. मात्र जगदेव सिंग (२०१६) प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितलं, की सुधारित वेतनश्रेणी घेताना ‘जादा रक्कम परत करीन’ असं लिहून दिलेला अधिकारी त्याला बांधील राहतो, निवृत्तीनंतरही. सुधारित वेतनश्रेणीचा विकल्प देताना तुम्ही असं हमीपत्र दिलं होतं का? ‘आठवत नाही,’ असं लिहिता. वर्षानुवर्षं इतरांच्या सेवापुस्तकांवर सह्या केल्या, स्वतःचं एकदाही उघडून पाहिलं नाही, याचा मला खरंच राग येतो.

आधी सेवापुस्तकाची साक्षांकित प्रत मिळवा आणि हमीपत्राची तारीख व मजकूर वाचा. ते वेतन आयोगाच्या वेळचं असेल आणि आक्षेप पदोन्नतीचा असेल, तर ते या रकमेला लागू नाही असा युक्तिवाद करता येईल. तो टिकेल याची खात्री मी देत नाही. पेन्शनच्या कागदांबरोबर घाईत सही घेतली असेल, तर बाजू बरी. हमीपत्रच नसेल, तर भक्कम. कारणे दाखवा नोटीस आली होती का, तेही कळवा; पेन्शनमधून वसुलीसाठी राज्याच्या निवृत्तिवेतन नियमांतल्या नियम १३४-अ मध्ये म्हणणं मांडायची संधी सांगितली आहे.

आणि विनंतीअर्ज आता पुरेत. आदेशाला आठ महिने झाले. मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जायची मुदत साधारण एक वर्षाची. पुन्हा पुन्हा अर्ज केल्याने ती वाढत नाही. प्रत हाती येताच मॅटच्या नागपूर खंडपीठात ‘मूळ अर्ज’ (तिथल्या दाव्याचं नाव) दाखल करा, रोखलेलं उपदान व्याजासह मागा.