वाचकांचे प्रश्न : अश्वगंधेची पाने दाट, मुळे मात्र बारीक

प्रश्न : पाच गुंठ्यांत अश्वगंधा लावली आहे. पाऊस सुरू होताच बी फोकून पेरले, नंतर दर आठ-दहा दिवसांनी पाणी दिले आणि दोनदा युरियाही टाकला. झाडे कमरेला लागली आहेत आणि गर्द हिरवी दिसतात. पाच महिने झाले म्हणून चार झाडे उपटून पाहिली, तर मुळे करंगळीहून बारीक, फाटे फुटलेली आणि एक-दोन ठिकाणी कुजलेली निघाली. कोठे चुकले? उरलेले पीक आताच काढावे का?

उत्तर : आपण पाल्याचे पीक घ्यावे तशी अश्वगंधेची निगा राखली आणि पिकाने पालाच दिला. अश्वगंधा, म्हणजेच आपली आस्कंद, ही कोरडवाहू स्वभावाची वनस्पती आहे. वरची माती सुकू लागली की तिचे सोटमूळ ओलावा शोधत खाली उतरते. पण पाणी आणि युरियातले नत्र दोन्ही वरच्या वर मिळत राहिले, तर मुळाला खाली जाण्याचे कारणच उरत नाही आणि सगळा जोर फांद्या व पानांवर जातो. म्हणून शेत किती हिरवे दिसते यावरून या पिकाची पारख करू नये. अधूनमधून एखादे झाड उपटून मूळ पाहणे हाच खरा हिशेब, आणि आपण तो केला हे फार बरे झाले.

मूळ कुजण्याचे कारण बहुधा पेरणीची वेळ आणि निचरा यांतच आहे. भर पावसात पेरलेल्या अश्वगंधेची कोवळी रोपे मर रोगाने कोलमडतात, आणि जी तगतात त्यांच्या मुळाशी पाणी साचून राहते. पावसाचा जोर ओसरल्यावर, जमिनीला वाफसा आला, म्हणजे चिखल न होता पेरता येईल इतपत ओल राहिली, की पेरणी करावी, म्हणजे उगवणीपुरती ओल मिळते आणि पुढची वाढ कोरड्या हवेत होते. रेताड पोयट्याची, पाण्याचा झटपट निचरा करणारी आणि सामू (आम्ल-विम्लतेचे माप, पीएच) 7.5 ते 8 च्या आसपास असलेली जमीन तिला मानवते. चिबड (पाणी धरून ठेवणाऱ्या) किंवा भारी जमिनीत पेरायचेच असेल, तर सपाट वाफ्याऐवजी उंच गादीवाफे करावेत. फाटे फुटण्याचे कारण मुळाच्या वाटेत शोधावे लागेल. मशागत वरवरची झाली असेल, खाली ढेकळे, खडे किंवा अर्धवट कुजलेले शेणखत असेल, तर सोटमूळ तेथे अडते आणि बगल देत फाटते. खोल नांगरट आणि पूर्ण कुजलेले खत, तेही पेरणीच्या बरेच आधी मातीत मिसळलेले, एवढे सांभाळले तर मुळे पुष्कळ सरळ निघतात.

बी फार बारीक असते, त्यामुळे फोकून पेरले की कोठे झुबका होतो आणि कोठे मोकळे राहते. ते वाळूत मिसळून 25 ते 30 सेंटिमीटर अंतरावरच्या ओळींत, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरपेक्षा खोल न जाऊ देता पेरावे, आणि महिन्याच्या आत विरळणी करून दोन रोपांत सुमारे 10 सेंटिमीटर अंतर ठेवावे. जोमदार रोपे उपटून टाकताना हात धजत नाही, हे मी जाणतो. परंतु दाटीतील रोपे एकमेकांची मुळे बारीक ठेवतात आणि शेवटी कोणाचेच मूळ भरत नाही. बियाणे मागच्याच हंगामातले असावे, कारण जुने होईल तसतशी त्याची उगवण घटते.

आता काढणीविषयी. साधारणपणे पेरणीपासून 150 ते 180 दिवसांत पीक तयार होते, पण दिवस मोजण्यापेक्षा झाड पाहावे. खालची पाने पिवळी पडून गळू लागली आणि कागदी वेष्टनातील फळे लाल-केशरी झाली, की मूळ भरले असे समजावे. आपली झाडे अजून गर्द हिरवी आहेत, म्हणून पाणी आणि युरिया आजपासून पूर्ण बंद करावा आणि दोन-तीन आठवडे थांबावे. मात्र ज्या कोपऱ्यात कुजलेली मुळे मिळाली, तेथील झाडे लगेच काढून टाकावीत आणि पाणी निघून जाण्यासाठी चर खणावा. फार लांबवणेही योग्य नाही, कारण जून मूळ चिवट व काष्ठमय होते. काढणीच्या दिवशी जमीन अगदी दगडासारखी असेल, तर आदल्या दिवशी हलके पाणी द्यावे. सुक्या मातीत ओढले तर मूळ मध्येच तुटते आणि खालचा भाग जमिनीतच राहतो.

प्रश्न : गेल्या वर्षी वाळवून ठेवलेल्या मुळांना बुरशी लागली. वाळवण्याची पद्धत कोणती?

उत्तर : मुळे पूर्ण वाळण्याआधीच ती भरून बंद केली गेली असावीत. खोड मुळाच्या एक-दोन सेंटिमीटर वर कापावे, माती झटकून मुळे चटकन धुवावीत, भिजत ठेवू नयेत. बारीक तंतुमुळे काढून टाकावीत आणि जाड व बारीक मुळे वेगळी पसरावीत, कारण बारीक मुळे आधी वाळतात आणि त्यांच्याकडे पाहून जाडही वाळली असा आपला समज होतो. मुळे 7 ते 10 सेंटिमीटरच्या तुकड्यांत कापली तर वाळणे सोपे जाते. वारा खेळणाऱ्या जागी पातळ थरात पसरून रोज उलटावीत. वाळली की नाही हे सर्वांत जाड तुकड्यावरून ठरवावे : तो दोन्ही हातांत धरून वाकवला असता कट्‌कन मोडला पाहिजे आणि मोडलेली बाजू पांढरी, पिठूळ दिसली पाहिजे; बोटांना पांढरी भुकटी लागते. वाकला पण मोडला नाही, तर आणखी दोन दिवस. ओलावा 10 ते 12 टक्क्यांवर आला की कोरड्या, हवेशीर जागी गोणपाटाच्या पोत्यात, जमिनीपासून उंच ठेवावीत. प्लास्टिकच्या पिशवीत उरलीसुरली ओल कोंडते आणि बुरशीला तेवढी पुरते.

प्रश्न : घरच्या मुळांचे चूर्ण आईला झोपेसाठी द्यावे का?

उत्तर : वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारल्याखेरीज देऊ नये. थायरॉईडची, झोपेची, मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे सुरू असतील, अथवा यकृताचा विकार असेल, तर हे विचारणे टाळूच नये. गरोदर स्त्रीला तर अश्वगंधा देऊच नये. वैद्यांना किंवा डॉक्टरांना भेटताना आईच्या सध्याच्या सर्व गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्यावी.