काढता-घालता येणारी नाल करतोयस, तर हे आधी बघ

घोड्यासाठी माप कमी-जास्त करता येणाऱ्या नालीचं तुझं रेखाटन पाहिलं. पुढे बिजागरी, दोन तुकडे, मागे टाचेशी आडवा बोल्ट. कल्पना झकास, पण तो आडवा बोल्ट आधी काढून टाक. घोड्याने पायावर भार दिला की खूर टाचेकडे किंचित पसरतो, पाय उचलला की परत मिटतो. म्हणून तर नालबंद खिळे पुढच्या भागातच मारतो आणि टाच मोकळी सोडतो. तू नेमकी तीच आवळतोयस! माप कमी-जास्त करायची सोय पुढे बिजागरीशी ठेव, मागची टोकं सुटी राहू देत. पकड खुराच्या बाहेरच्या भिंतीवर पट्ट्याने घे, पण केसांच्या कडेपासून खाली. खूर तिथूनच वाढतो, तिथे घासलं तर घोडा लंगडलाच म्हणून समज.

घोडा अलिबाग-काशीदच्या पुळणीवर चालणार, तिथे बारीक आट्यांचा स्क्रू वाळूने गच्च बसतो, जाड आटे घे. ॲल्युमिनियमच्या नालीत स्टीलचा बोल्ट नको. खाऱ्या पाण्यात स्टीलला लागून असलेलं ॲल्युमिनियम झिजत जातं.

आणि हो, नाल मोठी करता आली म्हणून खूर कापायचं टळत नाही. तो महिन्याला ६ ते १० मिलिमीटर वाढतोच.

पहिल्यांदा लावशील तेव्हा घोडा नुसता चालव, पळवू नकोस. मग नाल काढून पट्ट्याच्या जागी हात फिरव. गरम लागलं किंवा घोड्याने पाय ओढून घेतला, तर पट्टा पुन्हा बेत.