नुसत्या स्प्लिटने हाय किक येत नाही
स्प्लिट बसली की हाय किक आपोआप येईल, असं समजू नकोस. जमिनीवर पाय फाकणं वेगळं आणि हवेत तो स्वतःच्या ताकदीने धरणं वेगळं. भिंतीला एक हात टेकव, गुडघा छातीकडे उचल, पाय बाजूला सरळ कर आणि 5 सेकंद तसाच धर. मांडी थरथरेल, थरथरू दे. सुरुवात कमरेच्या उंचीपासून.

राउंडहाउस, म्हणजे बाजूने फिरवून मारायची किक, मारताना जमिनीवरच्या पायाची टाच समोरच्याकडे वळलीच पाहिजे. ती वळली नाही तर खुबा अडतो, पाय वर जात नाही आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. तायक्वांदोत डोक्यावरच्या किकला 3 गुण, म्हणून मुलं घाई करतात. मला ते बघवत नाही.

आपल्या ग्वाल्हेरच्या जानेवारीत तर गार अंगाने ताणायचंच नाही. आधी दहा मिनिटं धाव, दोरीच्या उड्या मार, मग पाय पुढे-मागे झुलव. 30 सेकंद धरून ताणणं क्लास संपल्यावर. मित्राला पाठीवर दाबायला अजिबात सांगू नकोस. जांघेत टोचल्यासारखं दुखलं, तर त्या दिवशी तिथेच थांब.