सोनटक्क्याला नुसतीच पानं येतात, फुलं का येत नाहीत?

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि तिथेच थांबले. गच्चीतला सोनटक्का दोन वर्षांचा झालाय, चार फूट वाढतो, पानं हिरवीगार, पण फूल नाही. आणि 'फुटवे यावेत म्हणून जुलैत शेंडे खुडतो' असं तुम्ही लिहिलंय. अहो, तिथेच घात होतोय.

गुलाब-मोगरा छाटला की फुटतो, म्हणून हात शिवशिवतात, हे मी समजू शकते. पण सोनटक्का हा आलं-हळदीचा भाऊबंद. त्याला फांद्या नसतात. जमिनीतल्या कंदातून दांडा वर येतो आणि त्या दांड्याच्या अगदी टोकाला हिरवं कणीस धरतं. त्या कणसातून एकामागून एक फुलं बाहेर पडतात. शेंडा खुडलात की त्या दांड्याचं फूल गेलं. मीही पुण्यात आल्यावर पहिल्या वर्षी हेच केलं होतं. कुंडी फार पसरलेली दिसते म्हणून ऐन आषाढात सगळे दांडे एका उंचीवर कापले. गणपती आले, गौरी आल्या, माझ्या कुंडीत नुसते बुंधे. फुलं मंडईतून विकत आणली.

कात्री चालवायची ती फुलं संपल्यावर. एक दांडा एकदाच फुलतो. त्याचं कणीस वाळलं की तो बुडातून कापायचा, म्हणजे नव्या कोंबांना जागा मिळते. न फुललेल्या दांड्याला हात लावू नका, कितीही वेडावाकडा वाढला तरी.

आता शेंडे न खुडताही फुलं आली नाहीत, तर पाणी आणि ऊन बघा. आमच्या रत्नागिरीकडच्या घरी सोनटक्का कोणी मुद्दाम 'लावलेला' मला आठवत नाही. न्हाणीघराचं पाणी मागच्या दारी जिथे वाहत जायचं, तिथे अळू, कर्दळ आणि सोनटक्का दाटीने उभे असायचे. कोणी खत घातलं नाही की माती उकरली नाही. (तेव्हा न्हाणीत साबणही बेताचाच असे.) त्याला पायाशी सतत ओल लागते. कुंडीतली माती दोन दिवस कोरडी राहिली की पानांची टोकं करपतात. एप्रिल-मेमध्ये मी दोन वेळा पाणी देते आणि वर वाळक्या पानांचं जाड आच्छादन घालते. सकाळचं तीन-चार तास ऊन हवंच. पूर्ण सावलीत तो पानांवरच खूश राहतो. दुपारचं ऊन मात्र आडोशाने अडवा, गच्चीवर तर नक्कीच.

युरिया किंवा नुसतं शेणखत भरभरून घालत असाल तर हात आखडा. पानं माजतात. पावसाच्या तोंडावर गांडूळखत आणि मूठभर चुलीतली किंवा शेगडीतली लाकडाची राख पुरे.

दोन वर्षांत कुंडी कंदांनी ठासून भरली असेल, तेही एक कारण. मार्च ते मे या दिवसांत कुंडी उपडी करा. आल्याच्या गड्ड्यासारखा गड्डा निघेल. दोन-तीन डोळे असलेले तुकडे तोडा, हळदीचं बेणं करतात तसं. तुकडा आडवा ठेवून वर दोनेक बोटं माती लोटा. खोल पुरू नका. कुंडी खोल असण्यापेक्षा रुंद असावी, कारण कंद आडवा पसरतो. मी जुनं प्लास्टिकचं टब वापरते, बुडाला भोकं पाडून. उरलेले कंद शेजाऱ्यांना द्या, पण ओढ्याकाठी फेकू नका. ब्राझील आणि हवाईत हे मूळचं हिमालयाकडचं झाड पाणथळ जागा बळकावून बसलंय. क्युबाने तर त्याला राष्ट्रीय फूल केलं, तिथे त्याला 'मारिपोसा' म्हणजे फुलपाखरू म्हणतात.

कुठे पान गुंडाळून नळीसारखं झालेलं दिसलं तर उलगडून बघा, आत अळी असते. बहुतेकदा ती ग्रास डेमन नावाच्या फुलपाखराची. आलं-हळदीवरही तीच येते. मी दोन-चार पानं तिला सोडून देते, फवारणी करत नाही.

थंडीत पानं पिवळी पडली तर घाबरू नका, झाड विश्रांती घेतंय. पाणी कमी करा, बंद नको.

फूल जेमतेम दिवसभर टिकतं. संध्याकाळी उमलतं तेव्हा वास सगळ्यात दाट असतो, कारण त्याची लांब नळी रात्री फिरणाऱ्या पतंगांसाठी आहे. आमची आजी दिवेलागणीच्या जरा आधी टपोऱ्या कळ्या काढायची आणि पाण्याच्या वाटीत ठेवायची. जेवणं आटपेपर्यंत त्या उमललेल्या असत, आणि त्या लांब देठामुळे गजरा न ओवताही सरळ वेणीत खोचता येत.

तेव्हा यंदा कात्री आत ठेवा. ऑगस्टमध्ये टोकाला हिरवं कणीस दिसलं की इथे कळवा.