आधी सैन्य किती लांब होतं ते बघ

अनेक आशीर्वाद.

सम्राट आणि चर्च यांच्या संबंधांवरचा तुझा मसुदा वाचला. ‘पूर्वेत सम्राट चर्चचा धनी, पश्चिमेत पोप राजाचा धनी’ हे पहिल्याच पानावरचं वाक्य काढून टाक. अकराव्या शतकातलं चित्र तू पाचव्या शतकावर चिकटवते आहेस. आणि ३१३ मध्ये ख्रिस्ती धर्म रोमन साम्राज्याचा राजधर्म झाला नाही. मिळाली ती मोकळीक आणि जप्त मालमत्ता परत. नायसियाच्या धर्मसभेत ठरलेल्या श्रद्धेची सक्ती आली ३८० मध्ये.

आता गेलेशियस. ४९४ च्या पत्रात हा पोप कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राट अनास्तासियसला सुनावतो की बिशपांचा भार राजांपेक्षा जड, कारण देवापुढे राजांचाही जाब त्यांनाच द्यायचा आहे. हे अवतरण सगळेच देतात. तेव्हा रोम कोणाच्या हाती होतं, हे फार थोडे सांगतात. इटलीवर राज्य होतं ऑस्ट्रोगॉथ या जर्मानिक लोकांचा राजा थिओडोरिक याचं. सम्राटाचे शिपाई तिथे नव्हते. ५३६ मध्ये सम्राट जस्टिनियनचा सेनापती बेलिसारियस याने रोम घेतलं आणि ५४५ मध्ये जस्टिनियनच्या माणसांनी पोप व्हिजिलियसला रोममधून उचललं. ६५३ मध्ये पोप मार्टिनला अटक झाली. कॉन्स्टँटिनोपलला खटला, मग क्रिमियात हद्दपारी आणि तिथेच मृत्यू. पोपचे दावे काही सौम्य झाले नव्हते, फौज जवळ आली होती. ५३६ नंतरच्या जवळजवळ दोन शतकांत नव्या पोपच्या निवडीला सम्राटाची किंवा इटलीतल्या राव्हेन्ना शहरातल्या त्याच्या प्रतिनिधीची मंजुरी लागे, हेही विसरू नकोस.

पूर्वेतही सम्राटाचं सगळं चालत नसे. चौथ्या लग्नापायी सम्राट लिओ सहाव्याला पॅट्रिआर्क (कॉन्स्टँटिनोपलचा प्रमुख बिशप) निकोलसने ९०६ च्या नाताळात चर्चमध्ये येऊ दिलं नाही. मात्र तिथेच थांबलीस तर अर्धवट होईल: ९०७ मध्ये निकोलसचं पद गेलं.

प्रत्येक प्रसंगासाठी चार रकाने आखून घे: नेमणूक कोणाची, मंजुरी कोणाची, शहर कोणाच्या ताब्यात, आणि कागद घटनेनंतर किती वर्षांनी लिहिलेला. चौथा रकाना लोक रिकामा ठेवतात आणि फसतात. मिलानचा बिशप अँब्रोज याने सम्राट थिओडोसियसला चर्चच्या दारात अडवल्याचं ते प्रसिद्ध दृश्य चर्चचा इतिहासकार थिओडोरेट याने सुमारे अर्ध्या शतकानंतर रंगवलं आहे. ३९० चं अँब्रोजचं स्वतःचं पत्र खाजगी आहे, आणि बरंच सांभाळून लिहिलेलं.

दुसरं प्रकरण ८०० मधल्या शार्लमेनच्या राज्याभिषेकाने सुरू करू नकोस. ७५१ घे: त्या वर्षी उत्तर इटलीतल्या लोम्बार्डांनी राव्हेन्ना जिंकलं, रोमला सम्राटाच्या फौजेचा आधार उरला नाही, आणि ७५३ मध्ये पोप स्टीफन आल्प्स ओलांडून फ्रँकांचा राजा पेपिन याच्याकडे निघाला.