बाजारातली कोंबडी थेट खुराड्यात सोडू नका

परसातल्या कोंबड्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला मुद्दाम जास्त जागा दिली आहे. तसेच पत्र मला दरवर्षी येते, आणि ते वाचताना दरवर्षी तितकेच वाईट वाटते.

आठवडी बाजारातून दोन तलंगा (तरण्या कोंबड्या) आणून घरच्या कोंबड्यांत सोडल्या. आठव्या दिवसापासून कोंबड्या पिसे फुगवून मलूल बसू लागल्या. हिरवट हगवण लागली, दोघींच्या माना पिळवटल्या. बावीसपैकी सतरा गेल्या. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून दिल्या, उपयोग झाला नाही. उरलेल्या पाच कशा वाचवू? (पेठ, जि. नाशिक)

ताई, सतरा कोंबड्या म्हणजे घरची अंडी गेली आणि अडीनडीचे पैसेही गेले. तुम्ही लिहिलेल्या खुणा मानमोडीच्या, म्हणजे राणीखेतच्या आहेत. हा विषाणूचा रोग आहे, त्यावर औषध नाही. माणसांच्या गोळ्यांनी तर काहीच होत नाही. बर्ड फ्लूतही अशीच मर लागते, म्हणून एवढ्या कोंबड्या एकदम गेल्या की पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायलाच हवे. नक्की निदान मेलेला पक्षी तपासूनच होते.

त्या तलंगा बाजारात ठणठणीत दिसल्या असतील. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण पाच-सहा दिवस जातात, कधी पंधराही. त्यातच, घरी मर लागली की लोक उरलेल्या कोंबड्या घाईने बाजारात काढतात. चार पैसे तरी हाती यावेत ही धडपड मला कळते, पण एका घरातली मर अशीच पाच गावांत पोचते. म्हणून हात जोडून सांगतो, तुमच्या पाच कोंबड्या विकू नका आणि लेकीच्या घरीही पाठवू नका. वरवर बऱ्या झालेल्या कोंबडीच्या विष्ठेतूनही विषाणू काही दिवस पडत राहतो. मेलेल्या कोंबड्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकल्या तर कुत्री त्या गावभर ओढतात. खुराड्यातला जुना भुसा जाळा, भिंतींना चुना लावा आणि किमान महिनाभर नवी कोंबडी आणू नका. पुढे आणाल ती तीन आठवडे घराच्या दुसऱ्या टोकाला डालग्याखाली ठेवा. तिचे पाण्याचे भांडे वेगळे असू द्या. दाणे आधी घरच्या कोंबड्यांना टाका, मग तिला.

खरा उपाय लसीचा आहे. पिल्लू पाच ते सात दिवसांचे झाले की डोळ्यात किंवा नाकपुडीत लासोटा या लसीचा एक थेंब. चौथ्या-पाचव्या आठवड्यात पुन्हा लासोटा. आठव्या आठवड्यात आर-टू-बी या मानमोडीच्याच दुसऱ्या लसीचे इंजेक्शन, अर्धा मिली, पंखाजवळ कातडीखाली. आर-टू-बी लहान पिल्लांना कधीही देऊ नका, त्यांना ती बाधते. अडचण अशी की लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची असते आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. बावीस कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? म्हणून लस राहून जाते. तुमच्या बचतगटातल्या दहा-बारा घरांनी एक दिवस ठरवा. लस दवाखान्यातून बर्फाच्या थर्मासमधून आणा आणि संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर घरोघरी फिरा. दोन तासांत पाडा पुरा होतो. मी असे पाडे पाहिले आहेत. शेजारच्या गावात मानमोडी आली तरी तिथली खुराडी भरलेली राहिली.

गिरिराजची पन्नास पिल्ले आणली. चौथ्या आठवड्यात पावसाची झड लागली आणि विष्ठेत रक्त दिसू लागले. रोज दोन-तीन मरतात. (शाहूवाडी, जि. कोल्हापूर)

ही रक्ती हगवण. आतड्यात वाढणाऱ्या सूक्ष्म परजीवीमुळे होते, आणि तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना सर्वांत जास्त. यावर औषध आहे. अँप्रोलियम पाण्यातून देतात, मात्रा पशुवैद्यकांना विचारून घ्या आणि आजच सुरू करा. तेवढ्याने भागणार नाही. परजीवीची अंडी ओल्या गादीत पिकतात आणि साध्या जंतुनाशकाला दाद देत नाहीत. त्यांना मारतो तो कोरडेपणा. पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओला भुसा रोज काढून तिथे कोरडे भाताचे तूस टाका. भांडे पिल्लांच्या पाठीच्या उंचीला येईल असे विटेवर ठेवा, म्हणजे ती त्यात पाय घालून घाण करणार नाहीत. झडीचे पाणी आत येते त्या बाजूला पडदा लावा, पण वरची हातभर जागा हवेला मोकळी ठेवा. सगळे बंद केले तर ओल आतच राहते.

कोंबड्यांच्या तुऱ्यावर, डोळ्यांभोवती काळपट फोड आले आहेत. सासूबाई म्हणतात देवी आल्या. लहान मुलांना लागतील का? (कणकवली)

सासूबाईंनी रोग बरोबर ओळखला, याला कोंबड्यांची देवीच म्हणतात. पण ही माणसांची देवी नव्हे, मुलांना लागत नाही. डास चावून आणि कोंबड्यांच्या चोचाचोचीतून ती पसरते. पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्याने फोड पुसा. डोळे मिटलेल्या कोंबडीला हाताने पाणी पाजा, भरवा. बऱ्याच जणी त्या रोगाने मरत नाहीत, दाणा दिसत नाही म्हणून उपाशी मरतात. पुढच्या पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांची असताना पंखाच्या पातळ कातडीत देवीची लस टोचून घ्या.

ओढ्याकाठी चार कावळे मेलेले दिसले. गावात बर्ड फ्लूची चर्चा आहे. घरची अंडी खावीत का? (अहमदपूर, जि. लातूर)

कावळ्यांना हात लावू नका, मुलांना आणि कुत्र्यांना तिकडे जाऊ देऊ नका, आणि आजच दवाखान्यात कळवा. भारतात हा रोग कोंबड्यांत प्रथम आढळला तो २००६ साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्यातही तो आला होता. निष्पन्न झाले की ठरलेल्या परिघातले सगळे पक्षी मारावे लागतात, म्हणून लोक लपवतात. पण भरपाई मिळते ती शासनाने मारलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. लपवण्यात नुकसान तुमचेच.

निरोगी कोंबडीचे अंडे पूर्ण उकडून खायला हरकत नाही. ७० अंशांवर विषाणू टिकत नाही. कच्चे किंवा अर्धे उकडलेले नको. आजारी वा मेलेली कोंबडी सोलू नका, कापू नका, खाऊ नका. तपासणी होईपर्यंत कोंबड्या बंदिस्त ठेवा आणि त्यांना ओढ्याचे पाणी देऊ नका.

खुडूक कोंबडी दोन वेळा अंडी सोडून उठली. खुराड्यात बारीक लाल किडे आहेत. कपाशीवरचे औषध फवारू का? (सेलू, जि. वर्धा)

नको, अजिबात नको. त्या फवाऱ्याने किड्यांआधी कोंबड्या मरतील. कोंबडी खुराड्यात चोच घासते, पिसे चोचीने साफ करते, सगळे विष पोटात जाते. खुराडे हाताळणाऱ्या तुमच्याही अंगाला ते लागेल.

हे किडे दिवसा बांबूच्या भेगांत लपतात आणि रात्री रक्त पितात. कोंबडी म्हणूनच उठते. रात्री बॅटरी घेऊन पाहा, पायांवर चढलेले दिसतील. सगळ्या कोंबड्या बाहेर काढून भेगांत उकळते पाणी ओता, खुराडे दोन दिवस उन्हात पालथे घाला, मग चुना द्या. आठवड्याने पुन्हा हेच करा, कारण राहिलेली अंडी तोवर फुटतात. खुडूक कोंबडीची पाटी नवी घ्या, जुना पेंढा जाळा. परसाच्या कोपऱ्यात चुलीची राख आणि कोरडी माती मिसळून पाटीभर ठेवा. कोंबड्या त्यात आपणहून लोळतात आणि अंगावरच्या उवा बऱ्याच झडतात. एवढे करूनही किडे राहिले तर कोंबड्यांसाठीचे औषध पशुवैद्यकांकडून लिहून घ्या आणि ते दिल्यावर अंडी किती दिवस खायची नाहीत, तेही त्यांनाच विचारा.