२९व्या वर्षीच आजोबाचा रोल?

प्रश्न: माझा भाचा २९ वर्षांचा, बँकेत आहे. केस कमी म्हणून की काय, ऑफिसच्या एकांकिकांत त्याला कायम बाप नाहीतर आजोबाच करायला देतात. आता एका सीरियलमध्ये हिरोच्या काकाचा रोल मिळतोय तर साहेब नोकरी सोडायची भाषा करतायत, ताई रडकुंडीला आलीये. आमच्या सासूबाई म्हणतात 'अग्गंबाई सासूबाई'तले आजोबा पण बँकेतच होते. खरं का? – एक मावशी, लालबाग

उत्तर: मावशी, सासूबाई बरोबर बोलतायत. ते आजोबा म्हणजे रवी पटवर्धन, आणि बँक म्हणजे साधीसुधी नाही, रिझर्व्ह बँक. गावचा पाटील म्हणा, पोलीस अधिकारी म्हणा, भारदस्त कोणी हवा असला की हे होतेच, हिंदीत 'अंकुश', 'तेजाब'मध्ये पण दिसले. पण तुमच्या भाच्याला मी दुसरीच गोष्ट सांगेन. रत्नाकर मतकरींनी १९७४ला 'आरण्यक' आणलं, त्यात धृतराष्ट्र होते पटवर्धन. त्यांचा जन्म १९३७चा, म्हणजे तेव्हा वय जेमतेम ३७, आणि करायचा कोण तर मुलं युद्धात गमावलेला आंधळा म्हातारा राजा! मग २०१८मध्ये तेच नाटक मतकरींनी परत केलं आणि धृतराष्ट्र परत तेच, आता ऐंशी ओलांडलेले. मधल्या ४४ वर्षांत मेकअपवाल्याचं काम तेवढं कमी झालं असणार. विदुर पण दोन्ही वेळा दिलीप प्रभावळकर, पहिल्या वेळी तेही तिशीतच होते. त्यामुळे लवकर म्हातारं दिसण्यात काही वाईट नाही हो, हिरोचं दुकान चाळिशीत बसतं, काकाचं तिथून पुढे सुरू होतं.

आता नोकरीचं. स्वतः मतकरीसुद्धा कितीतरी वर्षं बँक ऑफ इंडियात होते आणि नाटकं लिहीत, बसवत होते. नाटकाचं एक बरं असतं, प्रयोग मुख्यतः शनिवार-रविवारी, शिवाजी मंदिर नाहीतर दीनानाथ, रजा फार जात नाही आणि नाइट (म्हणजे प्रयोगाचे पैसे) त्यातल्या त्यात वेळेवर मिळते. सीरियलचं गणित वेगळं. दिवसाप्रमाणे पैसे, ते पण सहसा ९० दिवसांनी, शूटिंग घोडबंदरला किंवा मढला बारा-बारा तास, आणि काकाला महिन्यात किती दिवस बोलावतील ते ट्रॅकवर (म्हणजे गोष्ट सध्या कुणाभोवती फिरतेय त्यावर), काका गावी गेला की चेक पण गावी गेला. २०२०च्या लॉकडाऊननंतर तर ६५च्या वरच्या कलाकारांना सेटवर यायलाच मनाई होती. आयुष्यभर म्हातारे रंगवले आणि खरे म्हातारे झाल्यावर गेटवर अडवलं! ती अट ७ ऑगस्टला मुंबई हायकोर्टाने रद्द केली तेव्हा कुठे सुटले. पटवर्धन त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गेले.

ताईंना म्हणावं रडू नका, पण राजीनामा पण नको इतक्यात. आधी भाच्याला प्रॉडक्शनला तोंडावर विचारू दे की महिन्याला किती दिवस पक्के देता आणि ते कागदावर लिहून देता का. दहाच्या खाली आकडा आला तर काकाला सुट्ट्या टाकून करता येईल. आणि हो, विग घेऊ नको म्हणावं.